एकशे ऐंशी व्होल्टचे घड्याळ

सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने आपल्या तुकडीतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला एक घड्याळ द्यायचे ठरले आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. ते मी घरी बनवले आहे. त्याला काटे नाहीत आणि हल्लीच्या डिजिटल घड्याळासारखा पडदाही नाही. एका ओळीत काचेच्या सहा ट्यूब आहेत आणि प्रत्येक ट्यूबच्या पोटात एकेक आकडा निखाऱ्यासारखा केशरी उजळतो. सेकंद बदलला की आधीचा आकडा विझतो आणि त्याच्या किंचित पुढे किंवा मागे दुसरा पेटतो. या ट्यूबला ‘निक्सी ट्यूब’ म्हणतात.

घड्याळ दाखवायला शाळेत गेलो, तेव्हा सध्याच्या मुख्याध्यापिका बाईंनी ते कौतुकाने पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले. “मुलांना शॉक बसणार नाही ना?” आणि “ट्यूब गेली तर नवीन कुठे मिळेल?” मी “काळजी करू नका बाई” असे म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र मनाला लागले. बाईंचे दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे होते आणि माझे उत्तर म्हणजे उत्तरच नव्हते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा ठरवले की ते उत्तर इथेच नीट द्यावे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. या ट्यूबला वीज कशी पुरवायची, या एका प्रश्नाभोवती तिचा सगळा इतिहास फिरला आहे. तिचे राज्य आले ते त्या जोरावर आणि गेलेही त्याच कारणाने.

आपल्या घरातली निऑन

ही गोष्ट काचेच्या नळीतल्या विरळ वायूपासून सुरू होते. जर्मनीतील बॉन शहरात हाइनरिश गाइस्लर नावाचे काचकामाचे कसबी कारागीर होते. १८५७ च्या सुमारास त्यांनी नळीतली बहुतेक हवा काढून टाकली, दोन टोकांना तारा बसवल्या आणि त्यांतून उच्च दाबाची वीज सोडली. नळी रंगीत प्रकाशाने भरून गेली. आपल्या शाळेत सर प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेत आणि इंडक्शन कॉइलवर जो जांभळट उजेड दाखवत, तो याच जातीचा.

१८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून एक नवा वायू वेगळा केला. त्याला वीज दिली तर तो झगझगीत तांबड्या-केशरी रंगाने उजळे. ‘नवा’ या अर्थाचा शब्द नावात असावा, असे रॅम्झींच्या लहान मुलाने सुचवले. त्याचा ग्रीक अवतार म्हणजे ‘निऑन’. हेच रॅम्झी १९०० साली जमशेटजी टाटांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. टाटांच्या संकल्पित विज्ञानसंस्थेसाठी बंगळूरची जागा योग्य, असा सल्ला त्यांनीच दिला.

पुढे १९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात निऑनच्या मोठ्या नळ्या पेटवून दाखवल्या आणि त्यातून जाहिरातींच्या रंगीत पाट्यांचा धंदा उभा राहिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट १९१७ ची आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी निऑनचा अगदी छोटा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान दिवा बनवला. त्यात तापणारी तार नव्हती. जवळजवळ ठेवलेल्या दोन धातूच्या टोकांपैकी ऋण टोकाभोवती प्रकाशाचे पातळ कवच चढे, आणि वीज लागे अगदी नगण्य.

हा दिवा आपण सर्वांनी हातात धरलेला आहे. घरातल्या टेस्टरच्या पारदर्शक मुठीत जो केशरी ठिपका चमकतो, तो हाच. टेस्टर उघडून पाहिला असेल तर आठवेल, आत स्प्रिंग आणि दिवा यांच्याबरोबर एक रेझिस्टरही असतो, साधारण दहा लाख ओहमचा. २३० व्होल्टला दहा लाखांनी भागले की ०.२३ मिलिअँपिअर येतात. टेस्टरच्या मागच्या टोकावर बोट ठेवूनही आपल्याला काही जाणवत नाही, ते या रेझिस्टरमुळे. तो काढून टाकला तर ते अवजार जीवघेणे ठरेल.

रेझिस्टर आपल्याला वाचवतो तसा तो दिव्यालाही वाचवतो. साध्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणजे बल्ब स्वतःला आवर घालतो. विरळ वायूचे तसे नाही. ठरावीक व्होल्टेजपर्यंत त्यातून जवळपास काहीच वाहत नाही. ती पायरी ओलांडली की वायूचे अणू विजेने भारले जातात आणि ऋण टोकावर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. त्यातून साखळी सुरू होते आणि वायू पेटतो. पेटल्यावर त्याला टिकून राहायला आधीपेक्षा कमी व्होल्टेज पुरते, पण त्याची भूक वाढतच जाते. बाहेरून कोणी आवर घातला नाही, तर प्रवाह वाढत जाऊन ठिणगीचा लोळ होतो आणि दिवा संपतो. दूध तापवण्यासारखेच आहे हे. वर येईपर्यंत आच मोठी हवी आणि वर आले की लगेच कमी करायला हवी. निऑनच्या बाबतीत आच कमी करण्याचे काम रेझिस्टर करतो.

हे सगळे मला पुस्तकातून माहीत होते. तरीही पहिली निक्सी हातात आली तेव्हा “नुसती पेटते का ते बघू” म्हणून मी ती रेझिस्टरशिवाय जोडली. पांढरट-जांभळा लखलखाट झाला आणि ‘३’ या आकड्याचा पाय कायमचा काळा पडला. नऊ ट्यूबच्या आठ झाल्या.

निक्सीचा जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतर मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. अणुसंशोधनात किरणांचे कण मोजायचे होते आणि रेडिओच्या कामात कंपने मोजायची होती. यंत्र सेकंदाला हजारो वेळा मोजू शके, पण ते मोजमाप माणसाने वाचायचे कसे, हा प्रश्न होता. त्या वेळी शून्य ते नऊ अशा दहा छोट्या निऑन दिव्यांचे उभे रकाने लावत आणि प्रत्येक रकान्यात कोणता दिवा पेटला आहे हे पाहून आकडा लिहून घेत. ब्रिटनमध्ये ‘डेकाट्रॉन’ नावाची ट्यूब निघाली. तिच्यात प्रकाशाचा ठिपका वर्तुळात एकेक घर पुढे सरके. ठिपका कोणत्या घरात आहे त्यावरून अंक ओळखायचा.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात हायडू बंधूंची व्हॅक्यूम ट्यूब बनवणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. ठिपक्याऐवजी थेट आकडाच पेटवता येईल, अशी ट्यूब तिथे आकाराला आली. बेरजेची यंत्रे बनवणाऱ्या बरोज कंपनीने १९५४ मध्ये ही प्रयोगशाळा विकत घेतली आणि १९५५ मध्ये ट्यूब बाजारात आणली. ‘न्यूमरिक इंडिकेटर एक्सपेरिमेंटल, क्रमांक एक’ असे तिच्या आराखड्यावर त्रोटक अक्षरांत लिहिलेले होते. त्यातून ‘निक्स-वन’ झाले आणि बोलता बोलता ‘निक्सी’, असे सांगतात. युरोपच्या लोककथांमध्ये पाण्यात राहणाऱ्या एका परीलाही निक्सी म्हणतात. काचेमागे उजळणारा आकडा पाहिला की ते नाव अगदी शोभून दिसते.

रचना म्हणाल तर सोपी. पातळ पत्र्यातून किंवा तारेतून कापलेले शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागे एक, मधे बारीक अंतर ठेवून रचलेले असतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक स्वतंत्र ऋण टोक. सर्वांना मिळून धन टोक एकच, बारीक जाळीचे. आत कमी दाबाचा निऑन. ज्या आकड्याची तार जोडाल, त्याच्याच अंगाभोवती प्रकाशाचे कवच चढते. पुढचे आकडे बारीक असल्याने मागचा उजळलेला आकडा त्यांच्यातून सहज दिसतो. सुरुवातीच्या ट्यूबचे आयुष्य कमी असे, कारण वायूच्या माऱ्याने आकड्यांचा धातू झिजून उडे. नंतर आत पाऱ्याचा अंश घालू लागले, त्यामुळे झीज पुष्कळ कमी झाली. ट्यूब फुटली तर तुकडे उघड्या हाताने वेचू नयेत, याचे हेही एक कारण.

राज्य आले आणि गेले

निक्सी पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात आणि पेटल्यावर १४० च्या आसपास पुरतात. प्रवाह मात्र दोन-अडीच मिलिअँपिअरच. आज १७० व्होल्ट म्हटले की अडचण वाटते, पण १९५५ मध्ये ती मुळीच नव्हती. तेव्हाची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रे व्हॉल्व्हवर चालत आणि व्हॉल्व्हला दोनशे-अडीचशे व्होल्ट लागतच. आपल्या लहानपणी घरात जो व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्या पोटातही एवढे व्होल्टेज असे. म्हणून तर मागचे झाकण उघडायला वडील रागावत. अशा यंत्रात निक्सी बसवायची म्हणजे तयार स्वयंपाकातून आणखी एका पाहुण्याला वाढायचे. वेगळी चूल मांडायला नको.

म्हणून तिचा प्रसार झपाट्याने झाला. कंपने मोजणारी उपकरणे, व्होल्टमीटर, कारखान्यांतील मापनयंत्रे या सर्वांवर केशरी आकडे दिसू लागले. १९६१ मध्ये इंग्लंडच्या बेल पंच कंपनीने ‘अनिता’ हा टेबलावर ठेवायचा पहिला पूर्ण इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचा नमुना बाजारात आणला. त्यावरची उत्तरेही अशाच ट्यूबमधून दिसत, आणि आतले कामही बरेचसे वायूच्या ट्यूबच करत.

मग ट्रान्झिस्टर आला आणि पाठोपाठ आयसी. ही मंडळी पाच व्होल्टवर समाधानी. सगळे यंत्र पाच व्होल्टचे आणि त्यात फक्त आकडे दाखवण्यासाठी १७० व्होल्टची वेगळी सोय करायची, असा प्रसंग आला. काही वर्षे तडजोड चालली. ‘७४१४१’ नावाची आयसी खास या कामासाठी निघाली. तिची एक बाजू पाच व्होल्टचे संकेत समजून घेई आणि दुसरी बाजू निक्सीच्या व्होल्टेजला तोंड देई. सोव्हिएत संघाने तिची आपली आवृत्ती काढली, ‘के१५५आयडी१’. पण घरात एकाच माणसाचे पथ्य वेगळे असले की शेवटी कंटाळा येतोच. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दृश्य तांबड्या प्रकाशाचा एलईडी बनवला. १९६८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एलईडीचे आकडे विक्रीला आणले. त्यांना दोनएक व्होल्ट पुरत. ते आकडे दिसायला निक्सीहून देखणे नव्हते, बारीक ठिपक्यांचे होते आणि सुरुवातीला महागही होते. तरीही पाच-सात वर्षांत निक्सी मागे पडली. तिच्या प्रकाशात काही खोट नव्हती. तिला मारले ते तिच्या खुराकाने.

पाश्चात्त्य देशांतले उत्पादन १९७० च्या दशकात आटोपले. सोव्हिएत कारखान्यांत ते पुढेही चालू राहिले. १९९१ मध्ये तो देशच विसर्जित झाला, आणि गोदामांत पडून राहिलेल्या कोऱ्या ट्यूब हळूहळू जगभरच्या हौशी लोकांच्या हाती लागल्या. माझ्या घड्याळातल्या ट्यूब ‘आयएन-१२’ या सोव्हिएत जातीच्या आहेत. नीट पाहिलेत तर त्यांतला ‘५’ म्हणजे उलटा केलेला ‘२’ आहे, हे लक्षात येईल. एकाच साच्यात दोन आकडे भागवले आहेत! आज चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी नावाच्या तंत्रज्ञाने हाताने नव्या निक्सी बनवण्याची विद्या पुन्हा उभी केली आहे. पण त्या महाग आहेत आणि आकाराने मोठ्या. आपल्या ट्यूबचा साठा म्हणजे जुन्या काळाने मागे ठेवलेली शिल्लक. त्यात भर पडणार नाही.

घरच्या घरी १८० व्होल्ट

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. घरी ही वीज आणायची कुठून? मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग म्हणजे घरातली वीज डायोडमधून थेट घेणे. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, म्हणजे व्होल्टेज हवे त्याहून जास्तच मिळते. पण त्यात घड्याळाची प्रत्येक तार भिंतीतल्या विजेला थेट जोडलेली राहते. हा मार्ग कोणीही पत्करू नये, मग घड्याळ शाळेतले असो वा घरातले.

दुसरा मार्ग जुन्या वळणाचा, मी आधी तोच घेतला. आपल्या वर्गातल्या एका मित्राचे पुण्यात वाइंडिंगचे दुकान आहे. त्याने दोन सारखे ट्रान्सफॉर्मर दिले. पहिला २३० चे १२ व्होल्ट करतो, आणि दुसरा उलटा जोडला की १२ चे पुन्हा २०० च्या पुढे नेतो. मधे लोखंडाचा गाभा आणि गुंडाळ्यांचे अंतर असल्याने भिंतीतल्या विजेशी थेट संबंध तुटतो. एकदिश करून जवळजवळ २९० व्होल्ट मिळाले. ट्यूबला हवेत १४०. उरलेले १५० व्होल्ट रेझिस्टरमध्ये जिरवायचे. दोन मिलिअँपिअरसाठी १५० भागिले ०.००२ म्हणजे ७५ हजार ओहम. हिशोब बरोबर आला आणि घड्याळ चालले. पण ट्यूब स्वतः जेवढी वीज घेई, त्याहून जास्त तिचा रेझिस्टर जाळी. पेटी गरम होई आणि रात्रभर गुणगुणे.

एकदा प्लग काढून मिनिटभराने मी आत हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरलेलाच होता. त्यात सुमारे सव्वाचार जूल ऊर्जा साठलेली होती. चूक सर्वस्वी माझी होती. तो रिकामा होण्याची वाटच मी ठेवली नव्हती. पण त्याच वेळी ठरवले की ही पेटी शाळेत जाणार नाही.

तिसरा मार्ग आजचा आहे, पण त्याचे तत्त्व आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ट्यूबलाइटचा चोक आणि स्टार्टर आठवा. स्टार्टरच्या डबीत वायूने भरलेली छोटी काचेची कुपी असते. तीही निक्सीचीच भावकी. तिच्यातली धातूची पट्टी तापून वाकते, परिपथ जोडते, थंड झाली की तोडते. तोडण्याच्या क्षणी चोकमधून वाहणारी वीज एकदम अडते आणि चोक उसळी मारतो. त्या उसळीने ट्यूबलाइट पेटते. पाण्याच्या पाइपाचा नळ झटकन बंद केला की पाइप कसा धडाडतो, तसेच हे.

घड्याळात हीच उसळी सेकंदाला हजारो वेळा मारून घेतली आहे. बाहेरून येतात फक्त १२ व्होल्ट, साध्या अ‍ॅडॅप्टरचे. १०० मायक्रोहेन्रीची सुपारीएवढी कॉइल, ती जोडणारा-तोडणारा एक मॉस्फेट, उसळी एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड आणि ती साठवणारा कपॅसिटर. उसळी किती मोठी होते यावर एक छोटी आयसी पहारा ठेवते. तिच्याकडे १.२५ व्होल्टचे स्वतःचे माप असते. बाहेरच्या व्होल्टेजचा १४४ वा भाग तिला दाखवला की ती तो त्या मापाशी ताडून पाहते. १.२५ गुणिले १४४ म्हणजे १८०. व्होल्टेज कमी झाले तर ती उसळ्या वाढवते, जास्त झाले तर थांबवते.

वाइंडिंगवाल्या मित्राला हे सांगितले तर तो म्हणाला, “एवढ्याशा कॉइलमधून एकशे ऐंशी? उगाच थापा मारू नकोस.” पहिल्या प्रयत्नात त्याचेच खरे ठरले. व्होल्टेज १३० च्या वर जाईना आणि डायोड चटका बसेल एवढा तापला. मी नेहमीचा साधा डायोड लावला होता. तो पन्नास कंपनांच्या विजेसाठी ठीक, पण हजारोंच्या वेगाने उघडझाप करायला मंद. बंद होईपर्यंत साठवलेली वीज मागे निसटून जाई. तापकीर गल्लीतून जलद जातीचा डायोड आणून बसवला आणि मीटर १८० वर जाऊन स्थिर झाला. मित्राने मीटर स्वतःच्या हाताने लावून खात्री केली, मग चहा पाजला.

या मार्गाने ट्यूबमागे ४० व्होल्टच जिरवावे लागतात, म्हणजे वीस हजार ओहमचा रेझिस्टर पुरतो. सहा ट्यूबना मिळून १२ मिलिअँपिअर, म्हणजे सव्वादोन वॉटच्या आत. कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा. त्यात साठणारी ऊर्जा जुन्या पेटीच्या पन्नासाव्या भागाइतकीही नाही. वर त्याला एक रेझिस्टर कायमचा जोडला आहे. वीज गेल्यावर पाच सेकंदांत तो रिकामा होतो.

तेव्हा बाई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. १८० व्होल्ट हे १८० व्होल्टच, चालू घड्याळाच्या आत बोट गेले तर शॉक बसेल. म्हणून ते व्होल्टेज जिथे तयार होते तिथेच, पेटीच्या आत, कोंडून ठेवले आहे. भिंतीपासून पेटीपर्यंतच्या वायरीत १२ व्होल्टच आहेत. पेटी अ‍ॅक्रिलिकची असून स्क्रूने बंद आहे, आणि झाकण उचलले की एक छोटे बटण सुटून १२ व्होल्टही तुटतात. जिज्ञासू विद्यार्थ्याने ती उघडली, आणि कोणीतरी उघडेलच, तरी आत जिवंत काही सापडणार नाही.

शिल्लक जपण्याची रीत

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त अवघड आहे, कारण नव्या ट्यूबची खात्री मी देऊ शकत नाही. आहेत त्या टिकवणे एवढेच हाती आहे.

निक्सी झिजते दोन प्रकारे. प्रवाह जास्त झाला तर धातू उडून आकडा क्षीण होतो आणि काच आतून काळवंडते. दुसरा प्रकार आपण अपेक्षाही करणार नाही असा आहे: जो आकडा वापरलाच जात नाही तो बिघडतो. शेजारच्या पेटत्या आकड्यांचा उडालेला धातू त्याच्यावर बसत राहतो. घड्याळात सर्वांत डावीकडची ट्यूब ०, १ आणि २ एवढेच दाखवते. चौदा महिने घरी चालवल्यावर मी ती ट्यूब सहज सेकंदाच्या जागी लावून पाहिली, तर तिचा ‘८’ अर्धाच उजळला. नवी कोरी ट्यूब नुसत्या बसून राहण्याने खराब झाली होती. तो ‘८’ बरेच तास थोड्या जास्त प्रवाहाने पेटता ठेवला, तेव्हा बराचसा सुधारला.

आता घड्याळ रोज शाळा सुटण्याच्या सुमारास सर्व ट्यूबमधून सर्व आकडे आळीपाळीने काही मिनिटे फिरवते. मुलांना ती गंमत वाटेल, पण तो त्या आकड्यांचा व्यायाम आहे. प्रवाह दोन मिलिअँपिअरवरच ठेवला आहे. याहून फार कमी केला तर आकडा पूर्ण उजळत नाही, वाढवला तर आयुष्य घटते. आणि वर्गात कोणी नसेल तेव्हा ट्यूब विझतात, आत वेळ मात्र चालू राहते. वर्षाचे तास ८,७६०. शाळेचे दिवस २२० धरले आणि रोजचे सहा तास, तर १,३२० होतात. एवढ्या एका सवयीने ट्यूबचे आयुष्य सहापटीहून अधिक लांबते.

असे जपले तर जुनी यंत्रे किती टिकतात, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ मध्ये डेकाट्रॉन ट्यूबवर चालणारा एक संगणक सुरू झाला. केंद्राला त्याची गरज संपल्यावर तो भंगारात न काढता, कोणती शिक्षणसंस्था त्याचा चांगला उपयोग करील अशी स्पर्धा घेतली गेली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाला तो मिळाला आणि १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकत राहिले. ठिपके सरकताना डोळ्यांना दिसत, त्यामुळे यंत्र कसे मोजते हे समजावून सांगायला तो फार सोयीचा होता. पुढे बरीच वर्षे तो गोदामात पडून होता. २०१२ मध्ये ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालयात स्वयंसेवकांनी तो पुन्हा चालू केला. वेगवान तो कधीच नव्हता. पण त्याचे काम उघड्यावर चालत असे, आणि शिकवण्याच्या खोलीत तेच उपयोगी पडले.

आपले घड्याळ त्यापुढे खेळणे आहे. तरी प्रयोगशाळेत ते ठेवण्यामागे माझा हेतू तोच आहे. मोबाइलच्या पडद्यात वीज काय करते ते मुलांना दिसत नाही. इथे एक तार, तिच्याभोवती वायू, आणि रोज पाहून कळेल अशी एक गोष्ट: पेटवायला जोर लागतो, पण पेटल्यानंतर आवरायलाच शिकावे लागते.

पेटीखाली एक खोका ठेवला आहे. त्यात दोन जादा ट्यूब, दोन जलद डायोड, दोन मॉस्फेट आणि एक दोनशे पानी वही आहे. वहीत संपूर्ण आकृती, वरचे सगळे हिशोब आणि माझ्या चुका तारखेनिशी लिहिल्या आहेत. पहिल्या पानावर लिहिले आहे, “झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि दहापर्यंत मोजा.” बाईंनी वही वाचली आणि विज्ञान मंडळाच्या मुलांकडे घड्याळाची देखभाल द्यायचे कबूल केले. माझ्यानंतर ते चालायचे असेल तर वही पुढे लिहिणारा कोणीतरी हवाच.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडी असेल. तिकडे एक फेरी जरूर मारा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर एखादे जुने मापनयंत्र पडले असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्याच्या काचेमागे डोकावून पाहा. आत दहा आकडे एकामागे एक दिसले, तर मला फोन करा. खोक्यात अजून जागा आहे.